खाणारा पावणा

दाजींचे पुढचे दोन दात मी पाडले ते भर पंगतीत, जत्रेच्या जेवणाला, शे-सव्वाशे माणसांच्या देखत. एक दात त्यांच्याच पांढऱ्या रश्श्याच्या वाटीत पडला. दुसरा शेवटपर्यंत कुणाला सापडला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. गारगोटीच्या पलीकडं त्यांचं गाव. वयानं माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, आणि बहिणीचं लग्न झाल्यापासून मी त्यांच्या पाया पडत आलोय. त्या तोंडावर मी बुक्की मारली, आणि खोटं कशाला बोलू, मारताना बरं वाटलं.

का मारली ते सांगायचं तर आधी माझ्या पोटाचं सांगावं लागेल.

मी खाणारा आहे. आमच्याकडं हा हुद्दाच असतो. कोण भजनाला पुढं, कोण भांडणाला पुढं, तसा एखादा खाण्याला पुढं. सोळा वर्षांचा असताना चुलतभावाच्या लग्नात पैज लागली आणि मी त्रेसष्ट जिलब्या खाल्ल्या. चाळिसाव्या जिलबीला उलटी घशाशी आली होती. ती गिळली आणि वरून एक्केचाळिसावी ढकलली. भोवती माणसं कुस्तीला ओरडावं तशी ओरडत होती, "हाण! हाण!" माझ्या बापानं तोवर मला दोनच गोष्टी दिल्या होत्या, शिव्या आणि पट्टा. त्या दिवशी त्यानं स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. आता सांगा, त्यानंतर मला खाणं सोडता येणार होतं व्हय?

तेव्हापासून प्रत्येक जत्रेला, बारशाला, वास्तुशांतीला मला मधोमध बसवायचे. समोर दुसऱ्या गावचा खाणारा. पैज नारळाची आणि फेट्याची. पंगतीतलं खाणं सगळ्यांनी बघितलं. पुढचं कुणी बघितलं नाही.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. पैजेनंतर दोन-दोन दिवस मी अन्नाला शिवायचो नाही. शिक्षा म्हणून. मोरीतल्या आरशात बघून "हावरट कुत्रं हाईस" म्हणायचो आणि पोटावर बुक्क्या घालायचो, निळं होईस्तोवर. मग तिसऱ्या दिवशी दुपारी कामगार जेवायला बाहेर गेले की अर्धं शटर ओढायचं. चार वेगवेगळ्या गाड्यांवरनं माल आणून ठेवलेला असायचा, एकाच गाडीवर घेतला तर त्याला कळेल म्हणून. आठ वडे, खारीचे दोन पुडे, अर्धा किलो फरसाण, वर डझनभर केळी. त्याला खाणं म्हणायचं नाही, ती मारामारी होती. चावायला वेळ नसायचा. टाळू सोलून निघायची, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी हात थांबायचा नाही. संपलं की पुन्हा बुक्क्या. एकदा डोकं भिंतीवर इतक्या जोरात आपटलं की कपाळ फुटलं. कामगारांना सांगितलं, लेथवरचा लोखंडी जॉब निसटून लागला. त्यांनी हळद आणून दाबली. चांगली माणसं.

पैजा कमी झाल्या तरी ही शटरामागची मारामारी थांबली नाही. उलट आठवड्यातून तीन-चार डाव व्हायला लागले. आणि मधले उपाशी दिवस घरच्यांनी भोगले. उपाशी माणूस आणि पिसाळलेलं कुत्रं यांत फार फरक नसतो. बायको साधं "वाढू का?" म्हणाली की माझ्या अंगाचा भडका उडायचा. एके दिवशी तिनं न विचारताच वाढलं. भात, आमटी, घेवड्याची भाजी. मी ताट उचललं आणि भिरकावलं. ते तिच्या कानापासून दोन बोटांवरून गेलं आणि भिंतीवर आदळलं. प्लास्टरचा पोपडा पडला. आमटी तिच्या केसांतून गळत होती.

ती रडली नाही. भिंतीजवळ गेली, पोपडा पडला होता तिथं बोट घातलं आणि म्हणाली, "आज भिंत हाय. उद्या माझं डोस्कं असंल. त्याच्या आधी दवाखान्यात जावा, न्हायतर मी जाते." ती स्कूटरच्या डिकीतले वड्यांचे कागद गेलं वर्षभर गोळा करत होती. पिशवीच आणून माझ्यापुढं ओतली. मला वाटत होतं कुणालाच कळलेलं नाही. असा मी शहाणा.

पहिल्यांदा गेलो ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडं. धीर करून सांगितलं, खाणं सुटलंय, आवरत नाही. ते खदाखदा हसले. "अहो, कोल्हापूरचं पाणी हाय! भूक लागती म्हणून कोण दवाखान्यात येतं व्हय? न लागणारे येत्यात!" आणि पचनाचं औषध दिलं. एक बाटली, लाल रंगाची, जेवणाआधी दोन चमचे. बाहेर येऊन मी ती बाटली गटारीच्या कट्ट्यावर फोडली. शेजारचा पानवाला म्हणाला, "पावणं, काच कोण उचलणार?" मी उचलली. बोट कापलं.

दुसऱ्या खेपेला बायकोनंच शोधून काढलं. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराची ओपीडी असते. बाकड्यावर मी हेल्मेट घालून बसलो होतो, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून. नंबर आला तरी काढलं नाही. आतल्या मॅडम माझ्यापेक्षा लहान असतील. त्या म्हणाल्या, "हेल्मेट काढा. हितं ॲक्सिडेंट होत न्हाईत."

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "एकटे असताना किती खाता?" त्या जिलब्यांपासून अठ्ठावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "खातो की, थोडं इकडं-तिकडं." त्या नुसत्या बघत राहिल्या. मी म्हणालो, "दोन वडे." त्यांनी पेन खाली ठेवलं. मला असा संताप आला की मी टेबलावर मूठ आपटली आणि ओरडलो, "आठ! आठ वडे! आणि फरसाण! लिवा!" पेनचं स्टँड खाली पडलं. बाहेरचा शिपाई डोकावला. मॅडम त्याला म्हणाल्या, "काही नाही, पेशंट बोलायला लागलेत."

मी विचारलं, हे वेड आहे का. त्या म्हणाल्या, "नाही. हावरटपणाही नाही. खाण्याचा आजार आहे. अजून हाताबाहेर गेलेला नाही. तुमची मशीन आवाज करायला लागली, तर तुम्ही ती बंद पडायची वाट बघता का?" हे मला पटलं. मशीनचं मला पटतं. मी म्हणालो, "बायकांना होतात म्हणं असले आजार." त्या म्हणाल्या, "पोट बाप्यांना पण असतं की."

औषध साधं होतं आणि त्याहून अवघड काही मी केलेलं नाही. रोज तीन वेळा ठरल्या वेळेला जेवायचं. आदल्या दिवशी कितीही खाल्लेलं असो, दुसऱ्या दिवशी उपास करायचा नाही, कारण उपासच पुढचा डाव पेटवतो. खाल्लेलं वहीत खरं लिहायचं. आणि पैज सोडायची. कुणी आग्रह केला तर ताटावर हात धरून मोठ्यानं म्हणायचं, बास. घरच्यांना सगळं सांगायचं. मी बायकोला सांगितलं. आक्काला सांगितलं नाही. तिथंच माझं चुकलं.

आक्का म्हणजे माझी ही थोरली बहीण. मी नऊ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तिनं मला वाढवलं. बाप मारायला लागला की मधे पडायची आणि निम्मा पट्टा स्वतः खायची. तिला कुठल्या तोंडानं सांगू, तुझा भाऊ शटरामागं लपून खातो? लाज वाटली. लाजेपायी माणूस बहिणीला सांगत नाही आणि मेव्हण्याचे दात पाडतो.

पाचेक महिने बरे गेले. ताटं जाग्यावर राहायला लागली. आठवड्याचे तीन-चार डाव एकावर आले. मग चैत्रात दाजींच्या गावची जत्रा आली. आम्ही दोघं गेलो. मला काय माहीत, दाजींनी महिनाभर आधीच पलीकडच्या भावकीशी पैज लावून ठेवली होती. माझा पावणा विरुद्ध तुमचा पावणा, चौदा भाकरी आणि मटण, संपवेल त्याला फेटा. फेटासुद्धा आणून ठेवला होता, गुलाबी, जरीचा. मला पंगतीत बसल्यावर कळलं.

मी दोन भाकरी खाल्ल्या आणि ताटावर हात धरला. "बास, दाजी."

आता आमच्याकडं 'बास' म्हणजे 'अजून दोनदा विचारा' असा अर्थ असतो. पाहुण्यानं बास म्हणायचं, यजमानानं तोंडात कोंबायचं, दोघांनी हसायचं. ही रीत आहे. दाजी हसत म्हणाले, "लाजतंय बघा, नव्या नवरीगत!" मी पुन्हा म्हणालो, बास. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा ओरडलो. तोवर पलीकडची भावकी हसायला लागली होती. "काय पाटील, तुमचा बैल बसला!" दाजींचा चेहरा काळा पडला. त्यांनी दोघांना खूण केली. त्या दोघांनी माझे हात मागून धरले, आणि दाजींनी एका हातानं माझा जबडा दाबला, दुसऱ्या हातानं रश्श्यात बुडवलेली अर्धी भाकरी तोंडात सारली. आत, अजून आत, अंगठ्यानं. श्वास बंद झाला. नाकातून रस्सा आला. डोळ्यांपुढं लाल झालं आणि कानात तेच, "हाण! हाण!"

हात कसा सुटला आठवत नाही. बुक्की आठवते. दात मोडतो तेव्हा वाळकी काटकी मोडावी तसा आवाज येतो.

मग दाजींच्या माणसांनी मला धरून हाणला. दहा-बारा जण होते. बरगडीवर लाथ बसली, ओठ फाटला, शर्टाच्या चिंध्या झाल्या. पत्रावळ्यांवर पडलो होतो, अंगाखाली गरम रस्सा. बायको मधे घुसली आणि तिनं मला काखेत हात घालून ओढत गाडीपर्यंत नेलं. वळून बघितलं तर आक्का दाजींच्या तोंडाला पदर लावून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दाजींचा फोन आला. दात नसल्यामुळं शब्द फुसफुसत होते, पण अर्थ कळला. "माझी बायको तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय. तू मेलास तरी न्हाय." आणि त्यांनी तसंच केलं. आक्काचा फोन काढून घेतला. आई नाही, बाप गेलेला, दुसरं भावंड नाही. तिला माहेर म्हणजे एकटा मी, आणि ते मी एका बुक्कीत बंद केलं होतं. त्या आठवड्यात शटरामागं चार डाव झाले. वहीत लिहिले. लिहिताना पेन्सिल दोनदा मोडली.

महिन्यानं तिकडच्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेतली आणि निरोप धाडला. दातांचं राहू दे, दात बसवता येतात. गावात पत गेली ती कशी बसवणार? म्हणून पावण्यानं यावं, त्याच अंगणात बसावं आणि त्या चौदा भाकरी खाऊन दाखवाव्यात. खाल्ल्या की बहीण त्याच दिवशी बरोबर घेऊन जावी. नाही खाल्ल्या तर संबंध संपला.

वाचणाऱ्याला हसू येईल. पण चौदा भाकरी मला जड नव्हत्या, हीच तर भानगड होती. तासाभरात खाल्ल्या असत्या. आणि त्यानंतर पुन्हा सगळं पहिल्यापासून चालू झालं असतं, उपास, शटर, भिंत, ताट, बायकोचं डोकं. मॅडमकडं जाऊन मी अर्धा तास नुसत्या शिव्या घातल्या. दाजींना, गावाला, मॅडमना, स्वतःला. त्या म्हणाल्या, "खा की खाऊ नका, ते मी सांगणार नाही. पण तिथं एकदा खरं सांगून बघा. मार बसेल कदाचित." मी म्हणालो, "माराला कोण भितंय? हसतील त्याला भितोय."

गेलो. अंगणात पंधरा-वीस माणसं बसली होती. दाजींनी नवे दात बसवले नव्हते, मुद्दामच. समोर दुरडीत चौदा भाकऱ्या रचलेल्या. आक्का वाढायला. ती निम्मी झाली होती, डोळे आत गेलेले. मी दाजींच्या पाया पडलो आणि उभ्यानंच बोललो. म्हणालो, बुक्की मारली ते चुकलं, माफी मागतो. पण मी खाणार नाही. मला खाण्याचा आजार आहे. मी चोरून खातो, मग उपाशी राहतो, मग भिंतीवर डोकं आपटतो, बायकोवर ताट टाकलंय. सरकारी दवाखान्यात औषधपाणी चालू आहे. पैज मला विष आहे.

एकजण फस्सकन हसला, आणि सगळं अंगण हसलं. "खाण्याचा आजार! आरं मग आमच्या बैलाला बी हाय की!" माझ्या मुठी वळल्या. मी बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

दाजी हसले नाहीत. म्हणाले, "न्हाय खाणार? मग ऊठ. आणि हिला शेवटचं बघून घे."

तेव्हा आक्का पुढं आली. गुडघ्यावर बसली आणि भाकरीचा तुकडा माझ्या तोंडापुढं धरला. "खा रं. एवढ्या एकडाव खा. माझ्यासाठी खा."

जत्रेत शंभर माणसांना बास म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, "न्हाय, आक्का."

तिनं मुस्काटात मारली. ओठाची जुनी जखम उसवली. "खा!" "न्हाय." दुसरी मारली. मग तिसरी, चौथी. मग मोजली नाहीत. "तुझ्यापायी पट्टं खाल्लं मी! तुला भाकरी खावत न्हाय व्हय रं? मेलास का न्हाईस!" ती रडत होती, हाणत होती, बांगड्या फुटून तिच्याच मनगटातून रक्त येत होतं. माझे हात मांड्यांखाली. आयुष्यात मी एवढा मार न परतवता कधी खाल्लेला नाही.

शेवटी दाजींची म्हातारी आई भिंतीला धरून उठली आणि तिनं आक्काचा हात पकडला. "बास कर, जीव घेशील. त्याला न्हाय खायाचं तर न्हाय खायाचं." मग पोराकडं वळून म्हणाली, "तुझं दात गेलं, ह्याचं थोबाड फुटलं. फिट्टंफाट. उठा आता समदी."

म्हातारीपुढं दाजींचं चालत नाही. ते उठून आत गेले. मला कुणी पाणी विचारलं नाही, पण दिवाळीला आक्काला धाडायचं ठरलं.

दिवाळीला ती आली. माझ्याशी धड बोलेना. बायकोजवळ म्हणाली, "आजार कसला? नाटकं हाईत. माझ्यासाठी खाल्लं असतं तर काय मेला असता?" भिंतीआडून मी ऐकलं. ऐकून सकाळचा नाष्टा तसाच सोडला, दुपारचंही जेवलो नाही. लोक फराळाला येत-जात होते, कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि दुपारी सगळी लवंडल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो, आक्कानं आणलेला बेसनाच्या लाडवांचा डबा काढला आणि सुरू झालो.

ती पाणी प्यायला आत आली तेव्हा माझे दोन्ही गाल भरलेले होते, एक लाडू हातात, एक मुठीत चुरलेला, शर्टावर सगळा चुरा. तोंड बंद होत नव्हतं आणि हात थांबत नव्हता. तिच्या देखत मी हातातला लाडूही आत कोंबला. थांबायचं होतं, देवाशपथ थांबायचं होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती दारातच उभी राहिली. मला वाटलं, आता मारणार. मी डोळे मिटले.

"किती झालं?" तिनं विचारलं.

मी मोकळ्या हातानं आधी पाच बोटं दाखवली, मग चार. नऊ.

"ग्वाड लागलं का रं, एक तरी?"

मी मान हलवली. नाही.

ती डब्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. मग धपकन फरशीवर बसली आणि माझी मूठ धरून एकेक बोट उलगडून त्यातला चुरा काढायला लागली. "असं हुतं व्हय तुला," ती म्हणाली. "असं हुतं. आणि तू न्हाय म्हणत हुतास, आणि माझ्या हातनं मार बसला तुला."

बराच वेळ तिनं माझा हात सोडला नाही. मग पदरानं नाक पुसलं आणि विचारलं, "ती दवाखान्यातली बाई कंच्या वारी बसती?"

"मंगळवारी."

"मग मी मंगळवारपतुर हाय हितं," आक्का म्हणाली. "दाजींना फोन लाव. मी सांगते त्यास्नी."